तिरुवनंतपुरम की तिरुपती? पसंतीक्रमातील पहिल्या ओळीविषयी

पत्र : “मी देवरुखजवळच्या एका गावात राहते. यंदा बारावी झाले. गणित घेतले नव्हते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय होते. आयसरच्या, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या, प्रवेश परीक्षेत पुणे मिळेल इतका क्रमांक आलेला नाही, पण मागच्या वर्षीचे आकडे पाहता तिरुवनंतपुरम आणि तिरुपती या दोन्ही ठिकाणी आशा आहे. पसंतीक्रमात यांपैकी कोणाला वर ठेवावे, यावरून घरात एकमत नाही. बाबा म्हणतात, जी संस्था जुनी आहे आणि क्रमवारीत वर आहे ती घे. आई म्हणते, तिरुपती आपल्या माहितीचे आहे, कोल्हापूरहून थेट गाडी आहे. मामा म्हणतात, दोन्ही सारखीच आहेत, नाणे उडव. मला लहानपणापासून पावसाळ्यात सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, बेडूक पाहण्याचा नाद आहे, पण पुढे रानात काम करायचे की प्रयोगशाळेत, हे ठरलेले नाही. निवड चुकली तर पाच वर्षे वाया जातील, या भीतीने झोप लागत नाही. काय करू?”

प्रिय विद्यार्थिनी,

सस्नेह नमस्कार. तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात दोन संस्थांची नावे डोळ्यांत भरली आणि दुसऱ्या वाचनात झोप न लागण्याविषयीचे वाक्य, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. दोन पर्याय जवळजवळ तोलामोलाचे असतात तेव्हाच निवड अवघड होते. एक उघडच सरस असता तर तुला पत्र लिहावे लागले नसते. पण याच गोष्टीचा दुसरा अर्थ असा आहे की, निवड चुकलीच तर नुकसान फार मोठे होणार नाही. पाच वर्षे वाया जाणे हे तुझ्या बाबतीत संस्थेच्या निवडीवर फारच थोडे अवलंबून आहे, आणि ते कशावर अवलंबून आहे हे मी पुढे गणिताविषयी लिहिताना सांगणार आहे. तरीही मामांचा नाणे उडवण्याचा सल्ला मी मानणार नाही, कारण मोठे मुद्दे समान निघाल्यावर जे लहान फरक उरतात, ते रोजच्या जगण्यातले असतात आणि पाच वर्षे रोज त्यांच्याशीच गाठ पडते.

प्रथम, जे दोन्हीकडे सारखे आहे ते तराजूतून खाली काढून ठेवू. दोन्ही संस्था केंद्र सरकारच्या आहेत आणि स्वतःची पदवी देतात. प्रवेश एकाच परीक्षेतून, म्हणजे चार विषयांच्या प्रत्येकी १५ अशा ६० प्रश्नांच्या आयएटीतून होतो. अभ्यासक्रम पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्र असा आहे. सुरुवातीच्या सत्रांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय सर्वांना शिकावे लागतात, मग आपल्या विषयाकडे वळता येते आणि शेवटचे वर्ष संशोधन प्रबंधाचे असते. ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती तुला मिळाली तर तिची रक्कमही दोन्हीकडे तीच. पुढे पीएच.डी.साठी अर्ज करशील तेव्हा निवड करणाऱ्यांच्या लेखी ‘आयसरची विद्यार्थिनी’ ही एकच ओळख असेल आणि त्यापुढचे त्यांचे लक्ष तुझ्या प्रबंधावर आणि मार्गदर्शकाने लिहिलेल्या शिफारसपत्रावर जाईल. हे सगळे मान्य केले की घरातल्या वादातील निम्मी वाक्ये आपोआप गळून पडतात.

बाबांचा मुद्दा मात्र वरवरचा नाही. तिरुवनंतपुरमची संस्था २००८ सालची आणि तिरुपतीची २०१५ सालची, म्हणजे सात वर्षांचे अंतर आहे. या सात वर्षांत पहिल्या संस्थेतून कितीतरी अधिक तुकड्या बाहेर पडल्या आहेत, आणि जुनेपणाचा खरा लाभ इथेच आहे. तृतीय वर्षाच्या उन्हाळ्यात कुठे अर्ज करावा, कोणत्या प्रयोगशाळेत मुलांना नुसते बाटल्या धुवायला बसवतात आणि कोणत्या प्रयोगशाळेत खरोखर काम देतात, हे सांगणारी ताई किंवा दादा तिथे सहज सापडतो. नव्या संस्थेत तो शोधावा लागतो. उपकरणे, ग्रंथालय, आवारातील झाडे, प्रशासनाची घडी हे सारे सात वर्षांत बसत जाते. पण बाबांना एक गोष्ट जरूर सांग. दोन्ही संस्थांची सुरुवात दुसऱ्यांच्या जागेत झाली आहे. तिरुवनंतपुरमचे वर्ग आधी शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरत आणि मग संस्था विदुराला गेली. तिरुपतीचे वर्गही काही वर्षे करकंबाडी रस्त्यावरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इमारतीत भरत असत आणि आता येर्पेडूजवळ संस्थेचे स्वतःचे आवार आहे. त्यामुळे तिरुपतीविषयी कोणी ‘जागा अपुरी आहे, प्रयोगशाळा लहान आहेत’ असे सांगितले, तर तो अनुभव कोणत्या वर्षाचा आहे हे आधी विचार. संक्रमणाच्या काळातील तक्रार आजच्या आवाराला लावणे न्यायाचे होणार नाही.

क्रमवारीविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तिला इतकेच महत्त्व आहे. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात अध्यापनाची साधने, संशोधन, पदवीधरांची पुढची वाटचाल, सर्वसमावेशकता आणि लोकमानसातील प्रतिमा अशा पाच गोष्टी एकत्र मोजल्या जातात. ही मोजणी अख्ख्या संस्थेची असते. रसायनशास्त्राच्या शोधनिबंधांमुळे एखादी संस्था वर गेली तर तिच्या जीवशास्त्र विभागात दुसऱ्या वर्षाच्या मुलीला सूक्ष्मदर्शक किती वेळ हाताळायला मिळतो, हे त्यातून कळत नाही. आणि जुन्या संस्थेची प्रतिमा अधिक लोकांच्या मनात असणार, हे उघडच आहे. दोन संस्थांमध्ये शंभर क्रमांकांचे अंतर असते तर मी त्याचा विचार करायला सांगितले असते. इथे तसे नाही.

सूक्ष्मदर्शकाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा माझ्यापुढेही दोन तोलामोलाची महाविद्यालये होती आणि ज्याचे नाव मोठे होते ते मी निवडले. तिथे प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला आम्ही तीसजण असू आणि चालू स्थितीतले सूक्ष्मदर्शक चार; चांगले दोन कपाटात कुलूपबंद असत, ते परीक्षेच्या दिवशी निघत. तीन वर्षांत मी स्वतःच्या हाताने किती स्लाइड तयार केल्या, हे बोटांवर मोजता येईल. दुसऱ्या महाविद्यालयात गेलेला माझा मित्र मात्र दर शनिवारी शिक्षकांबरोबर ओढ्यावर जाई, पाण्याचे नमुने आणी आणि रविवारी ते पाहत बसे. पुढे आम्ही दोघेही शिक्षक झालो, पण वर्गात प्रश्न विचारायचे धाडस त्याच्या विद्यार्थ्यांमध्ये माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा दहा वर्षे आधी आले, कारण ‘मला ठाऊक नाही, चला पाहू’ असे म्हणायला तो शिकलेला होता आणि मला ते फार उशिरा जमले. तेव्हापासून कोणी माझ्याकडे असा सल्ला मागितला की मी एकच विचारतो : पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थ्याच्या हाताला काय लागते?

हाच प्रश्न तुझ्या दोन संस्थांना लावू. जीवशास्त्र म्हणजे एकच एक विषय नव्हे. पेशी आणि रेणू यांचे जीवशास्त्र, प्राणी-वनस्पतींचे वर्तन आणि उत्क्रांती, अधिवासांचे पर्यावरणशास्त्र, आणि आता संगणकावर चालणारे जनुकीय विश्लेषण, ही वेगवेगळी घराणी आहेत आणि त्यांतील माणसे दिवसभर जे काम करतात तेही एकमेकांपेक्षा फार निराळे असते. तू लिहितेस की, रान की प्रयोगशाळा हे ठरलेले नाही. अठराव्या वर्षी हे न ठरणे अगदी योग्य आहे, आणि म्हणूनच तुला असा विभाग हवा जिथे दोन्ही दारे उघडी असतील. सुदैवाने दोन्ही संस्थांत ती आहेत. तिरुवनंतपुरमला डॉ. हेमा सोमनाथन मधमाश्या आणि परागीभवन यांवर, तर डॉ. उल्लास कोदंडरामय्या फुलपाखरांच्या उत्क्रांतीवर काम करत आले आहेत. तिरुपतीला डॉ. व्ही. व्ही. रॉबिन यांची प्रयोगशाळा पर्वतमाथ्यांवरील शोला वनांतल्या पक्ष्यांचा अभ्यास करते. हे पक्षी एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर सहसा जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक माथा जणू आकाशातले बेट होतो आणि तिथली गाणीही वेगळी होत जातात. आता यातली गंमत पाहा : तिरुपतीत बसलेला हा अभ्यासगट काम करतो तो पश्चिम घाटात. म्हणजे संस्था कुठे आहे यावरून तिथले वैज्ञानिक कुठल्या भूमीवर काम करतात हे ठरत नाही, आणि ‘केरळात गेले तरच सह्याद्री सुटणार नाही’ हा तुझा समज, जो पत्रात तू उघड लिहिला नाहीस पण मला ओळींमध्ये दिसला, तो पुरता खरा नाही.

ही नावे मी दिली ती दोन्हीकडे तुझ्या आवडीचे काम चालते हे कळावे म्हणून. एखाद्या प्राध्यापकाच्या ओढीने संस्था निवडावी म्हणून मुळीच नाही. तू प्रबंधाच्या वर्षाला पोहोचशील तोवर चार वर्षे गेलेली असतील. तेवढ्या काळात माणसे संस्था बदलतात, दीर्घ रजेवर जातात, किंवा त्यांच्या प्रयोगशाळेत जागा उरत नाही. एका दिव्यावर विसंबण्यापेक्षा तुझ्या आवडीच्या परिसरात किमान तीन-चारजण काम करत आहेत ना, एवढे पाहावे.

ते कसे पाहावे, हेही सांगतो, कारण माहितीपुस्तिकेत हे मिळत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची लांबलचक यादी असते. ती वाचू नकोस. त्याऐवजी गेल्या दोन सत्रांचे प्रत्यक्ष वेळापत्रक मिळव आणि जीवशास्त्राचे कोणते ऐच्छिक विषय खरोखर शिकवले गेले ते मोज. यादीत तीस विषय आणि वेळापत्रकात सहा, असे चित्र देशातल्या अनेक संस्थांत दिसते. दुसरे, अलीकडच्या तुकड्यांच्या प्रबंधांची शीर्षके शोध. त्यांतील किती प्रबंध संस्थेत झाले आणि किती बाहेर, म्हणजे बेंगळुरूचे एनसीबीएस किंवा हैदराबादचे सीसीएमबी अशा जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांत, यावरून संस्था मुलांना बाहेर जाऊ देते की नाही हे कळते. तुझ्यासारख्या न ठरलेल्या मुलीला बाहेर जाण्याची मोकळीक फार मोलाची आहे. तिसरे, प्राध्यापकांना पत्र लिहिण्याआधी तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलींशी बोल. त्यांना ‘संस्था कशी आहे?’ असे विचारू नकोस. त्यावर ‘छान आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही. ‘मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत तू स्वतः काय केलेस?’ असे विचार. ‘पहिल्या वर्षी गणितात अडखळलेल्या मुलांना कोणी मदत केली?’ असे विचार. ‘आजारी पडलीस तेव्हा काय झाले?’ असेही विचार, कारण वसतिगृहातील ताप हा अभ्यासक्रमाइतकाच खरा असतो, आणि आईला या उत्तराने जितका धीर येईल तितका कोणत्याही क्रमवारीने येणार नाही.

आता भूमीविषयी. इथे मला थोडे रेंगाळू दे, कारण जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला वसतिगृहाबाहेर काय दिसते, हे दुय्यम आहे असे मी मानत नाही.

विदुरा हे गाव तिरुवनंतपुरम शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, पोनमुडीच्या वाटेवर, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाशी आहे. जवळच अगस्त्यमलैचा डोंगराळ प्रदेश आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत तिथली जंगले आहेत आणि आपल्याकडची कास, कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहेत. तुझ्या संगमेश्वर तालुक्याच्या माथ्यावर चांदोली आहे. म्हणजे तू एकाच पर्वतरांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाशील. पण ती जागा तुझ्या ओळखीची वाटेल असे समजू नकोस. आपल्या सड्यावर चार महिने पाऊस आणि आठ महिने तापलेला कातळ. बेडकांनी, देवगांडुळांनी आणि रंगीत तेरड्याने जे काही करायचे ते त्या चार महिन्यांत उरकायचे. विदुराला नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस पडतात, कोरडा काळ थोडा असतो आणि त्यामुळे तिथल्या जिवांचे वर्षभराचे गणितच वेगळे असते. बेडकांच्या नादी लागलेल्या मुलीला दक्षिणेकडचा सह्याद्री ही मोठी पर्वणी आहे. जांभळा बेडूक, म्हणजे नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, ही जाती २००३ साली तिथूनच शास्त्राला कळली. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस तो जमिनीखाली राहतो, प्रजननासाठी थोडे दिवस वर येतो, आणि त्याच्या कुळाचे जवळचे नातलग सापडतात ते समुद्रापलीकडे सेशेल्स बेटांवर. पालोड येथील जवाहरलाल नेहरू यांच्या नावाची उष्णकटिबंधीय वनस्पतिउद्यान आणि संशोधन संस्था विदुराच्या त्याच परिसरात आहे; वनस्पतींकडे वळलीस तर तिचा मोठा आधार होईल.

येर्पेडू याच्या अगदी उलट. तिरुपती शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, श्रीकालहस्तीच्या वाटेवर, पूर्व घाटाच्या कोरड्या टेकड्यांच्या सान्निध्यात. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, म्हणजे आपल्याकडे भात कापून झाल्यावर. पहिल्या जून-जुलैत तुला तिथे चुकल्यासारखे होईल, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण शेषाचलमच्या या डोंगरांत जे रक्तचंदन उगवते ते रानटी अवस्थेत पूर्व घाटाच्या दक्षिण भागाबाहेर कुठेच उगवत नाही. शेजारच्या कडप्पा भागातील झुडपी रानात १९८६ साली जेर्डनचा धाविक हा पक्षी पुन्हा सापडला, आणि तोवर तो नामशेष झाला असेच पक्षिशास्त्रज्ञ समजत होते. पूर्वेला किनाऱ्यावर पुलिकत सरोवर आहे, तिथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिरवे जंगल म्हणजेच समृद्धी, हा संस्कार आपल्या कोकणी-घाटी मनावर फार खोलवर झालेला असतो. तो मोडायला कोरड्या काटेरी रानाइतका चांगला शिक्षक नाही, असे मला माझ्या क्षेत्रभेटींवरून प्रामाणिकपणे वाटते.

मात्र दोन्हीकडच्या भूमीविषयी एक खबरदारी. आवाराशेजारी अभयारण्य आहे म्हणून विद्यार्थ्याला तिथे जाऊन बेडूक पकडता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रातील अभ्यासासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती मार्गदर्शकाच्या प्रकल्पाखाली, वेळ घेऊन मिळते. पहिली दोन-तीन वर्षे तुझे रान म्हणजे संस्थेचे आवार, रस्त्याकडेची डबकी, रबराची लागवड किंवा शेताचा बांध हेच असेल. त्यात कमीपणा नाही. पण माहितीपत्रकातील धुक्याच्या छायाचित्रावर भाळून निर्णय घेऊ नकोस.

आता ज्या गोष्टीवर तुझी पाच वर्षे खरोखर अवलंबून आहेत, तिच्याकडे येतो. तू बारावीला गणित घेतले नव्हतेस. आयएटीला बसण्यासाठी चारपैकी तीन विषय पुरतात, म्हणून तुला परीक्षा देता आली. पण आत गेल्यावर पहिल्या वर्षी गणित चुकत नाही, तिरुवनंतपुरमलाही नाही आणि तिरुपतीलाही नाही. जीवशास्त्राच्या ओढीने आयसरमध्ये गेलेली आणि पहिल्याच सत्रात कॅल्क्युलसपुढे हात टेकलेली हुशार मुले मी पाहिली आहेत. त्यांना जीवशास्त्र जड गेले नव्हते, किंबहुना ते त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलेच नाही, कारण सारा वेळ आणि सारा आत्मविश्वास गणिताने खाल्ला. शिवाय हे गणित केवळ उत्तीर्ण होऊन मागे टाकण्याचे नाही. बेडकांची संख्या दरवर्षी कशी बदलते, एखादे जनुक समूहात कसे पसरते, दोन सड्यांवरच्या नोंदींतील फरक खरा की योगायोगाचा, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर गणिताच्याच भाषेत मिळते, मग तू रानात काम कर किंवा प्रयोगशाळेत.

म्हणून आजपासून वर्ग सुरू होईपर्यंत जे आठवडे हातात आहेत ते संस्थांची तुलना करण्यात घालवू नकोस. पाठ्यपुस्तक मंडळाची अकरावी आणि बारावीची गणिताची पुस्तके कोणाकडून तरी माग आणि त्यांतील फलन, मर्यादा, विकलन, संकलन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता एवढीच प्रकरणे, रोज दोन तास, उदाहरणे स्वतः सोडवत कर. सगळे होणार नाही. विकलन आणि संभाव्यता जरी नीट झाली तरी पहिल्या सत्राचा धाक निम्म्याने कमी होईल. देवरुखमध्ये गणिताचे शिक्षक आहेत. त्यांच्यापैकी कोणी आठवड्यातून दोनदा शंका सोडवून द्यायला तयार असतील तर बाबांनी त्यांना भेटावे. क्रमवारीचा अभ्यास करण्यापेक्षा बाबांचा हा उपयोग तुला शतपटीने अधिक होईल.

आईच्या मुद्द्याविषयी. तिरुपती माहितीचे आहे म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे देवस्थान आहे आणि देवस्थानाची व्यवस्था आहे. पण संस्था शहराबाहेर आहे आणि तुझा दिनक्रम तिथल्या आवारातच जाईल. प्रवासाचे म्हणशील तर देवरुखची जागा अशी आहे की दोन्ही वाटा तुला खुल्या आहेत : आंबा घाट चढून कोल्हापूर गाठले की हरिप्रिया एक्सप्रेस थेट तिरुपतीला नेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचवते, रत्नागिरी गाठलीस तर नेत्रावती एक्सप्रेस थेट तिरुवनंतपुरमला नेते, त्याला साधारण एक दिवस लागतो. दोन्हीकडे शेवटचा टप्पा रस्त्याचा आहे आणि तो विदुराला अधिक लांब आणि वळणांचा आहे. वर्षातून दोन-तीन वेळा करायच्या प्रवासासाठी एवढा फरक निर्णायक ठरू नये. जेवणाचे म्हणशील तर पहिले दोन महिने दोन्हीकडे तक्रार करशील आणि मग सवय होईल. आवारात इंग्रजी आणि हिंदी चालते, पण बाहेरच्या जगाशी बोलायला एकीकडे मल्याळम आणि दुसरीकडे तेलुगू थोडी तरी शिकावी लागेल. ती शीक, कारण क्षेत्रकामात वाट दाखवणारा माणूस त्या भाषेत बोलतो.

आता माझे मत, कारण ते दिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. मी तुझ्या जागी असतो तर तिरुवनंतपुरम वर ठेवले असते आणि त्याखालोखाल, मध्ये दुसरे काही न घालता, तिरुपती. याचे कारण क्रमवारी नव्हे आणि केवळ बेडूकही नव्हेत. तू खेड्यातून, मराठी वातावरणातून, गणिताशिवाय जाणार आहेस. तुझ्यासारख्या वाटेने आधी गेलेल्या आणि तगलेल्या मुली जिथे अधिक असण्याचा संभव आहे, तिथे तुझा पहिल्या वर्षाचा घाट सोपा होईल, आणि सात अधिक तुकड्यांचा लाभ मला इथे दिसतो. दोन दारे उघडी ठेवायची असतील तर विस्तारलेला विभागही उपयोगी पडतो. पण वर सांगितलेली चौकशी केल्यावर तुला उलट चित्र दिसले, म्हणजे तिरुपतीच्या मुलींनी प्रयोगशाळेविषयी आणि मदतीविषयी अधिक ठोस उत्तरे दिली, तर माझे मत बाजूला ठेव. त्या मुलींचे कालचे अनुभव माझ्या अनुमानापेक्षा मोलाचे आहेत.

पसंतीक्रम भरताना मनात जो क्रम आहे तोच भर. जागा गुणवत्ता क्रमांक आणि तुझी पसंती पाहून दिली जाते. ‘वर कठीण संस्था टाकली तर खालची हातची जाईल’ ही भीती निराधार आहे. पुणे मिळणार नाही असे वाटत असले तरी, मिळाल्यास हवे असेल, तर तेही सर्वांत वर लिहायला हरकत नाही. आणि शेवटी तिरुपती मिळाले, तर ते दुसऱ्या क्रमांकाचे म्हणून खट्टू होऊन जाऊ नकोस. डॉ. माधव गाडगीळ यांनी पुण्यात बी.एस्सी. आणि मुंबईत एम.एस्सी. केले, मग हार्वर्डला पीएच.डी. केली आणि पुढे बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत पर्यावरण विज्ञान केंद्र उभे केले. पश्चिम घाटाचा विचार ज्यांच्या नावाशिवाय करता येत नाही, त्यांची वाट एका आवारात सुरू होऊन त्याच आवारात संपलेली नाही. तुझ्याही वाटेत अजून दोन-तीन आवारे यायची आहेत.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली आणि ती तातडीची आहे. तू आरक्षित प्रवर्गातील असशील, तर राज्याच्या नमुन्यातील जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आयसरला चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातील, चालू आर्थिक वर्षाचे लागते, आणि तुझी जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही पाहावे लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रालाही हाच नियम आहे. दरवर्षी आपल्याकडच्या काही मुलांची मिळालेली जागा या एका कागदापायी अडकते. तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात या दिवसांत गर्दी असते, म्हणून बाबांना सोमवारीच तिकडे पाठव, आणि अर्ज करताना ‘केंद्रीय नमुना’ हे शब्द तोंडाने सांगून शिवाय अर्जावर लिहूनही द्यायला सांग.